पहाटेची पहिली नऊ मिनिटे

यंदाच्या ईस्टरची पहाट आमच्या चर्चमध्ये शनिवारी सकाळी ठीक अकरा वाजता आली, आणि रंगीत तालमीला वेळेवर हजर राहिलेली ती एकटीच होती.

चूक कोणाची, हे सांगणे अवघड नाही. आमच्या बेलसांगवीच्या मंडळीत ईस्टरचा प्रसंग, म्हणजे रिकाम्या कबरेचे नाट्य, चर्चच्या पूर्वेकडील आवारात उगवत्या उजेडात होतो. पहाटेवाचून तो होत नाही, म्हणून पात्रांच्या यादीत तिचे नाव पहिल्यापासून आहे: ‘दुसरा शिपाई’च्या खाली आणि ‘माळी’च्या वर. दरवर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात मंडळीचे चिटणीस एलिया भांबळ तिला स्वतंत्र पत्र लिहितात, त्यावर जावक क्रमांक घालतात आणि ते पूर्वेच्या भिंतीवर दगडाखाली ठेवतात. त्यात रविवार आणि पाच वाजून चाळीस मिनिटे असा स्पष्ट उल्लेख असतो. यंदा भांबळांनी श्रम वाचवण्यासाठी तालमीची एकच सूचना छापून घेतली आणि यादीतल्या सर्वांना पाठवली. तीत लिहिले होते, ‘सर्व पात्रांनी शनिवारी सकाळी ठीक अकरा वाजता हजर राहावे. कोणतीही सबब ऐकली जाणार नाही.’

तिने कोणतीही सबब सांगितली नाही.

मी या मंडळीत एकोणतीस वर्षे पंच आहे आणि भजनी मंडळात टाळ धरतो. त्या वेळी मी वेदीच्या पायरीवर बसून शिपायांच्या भाल्यांना रुपेरी कागद चिकटवत होतो. बाहेर चैत्राचे ऊन दगडांना तापवत होते. अकस्मात माझ्या बोटांवरची खळ गार पडली. दवाचा वास आला. मी मागे पाहिले तेव्हा शेवटच्या बाकावर ती बसलेली होती. राखाडी, थोडी निळसर, आणि कडेला जेमतेम गुलाबी होऊ पाहणारी. तिच्याशेजारी बाकावर तालमीची सूचना पडली होती, भिजून लगदा झालेली.

प्रसंग बसवणाऱ्या सुवार्ता पाटोळे या निवृत्त शिक्षिका आहेत आणि सर्वांना विद्यार्थी समजतात. त्या आत आल्या, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

“अण्णा, ही आज का आली?”

“सूचनेप्रमाणे,” मी म्हणालो.

पाटोळेबाईंनी भांबळांना बोलावले. “तुम्ही हिला तालमीची नोटीस दिली?”

“यादीतल्या सर्वांना द्यावी, असा ठराव आहे,” भांबळ म्हणाले.

“कुणी मांडला असला ठराव?”

“तुम्हीच, बाई. सहा मार्चच्या बैठकीत.”

पाळकसाहेब रेव्हरंड शांतवन ओहोळ या मंडळीत दोन वर्षांपूर्वी बदलून आले. त्यांनी विचारले, तिला विनंती करून परत पाठवता येईल काय. मी सांगितले की पहाट परत जात नाही. ती पुढेच जाते. आणि ईस्टरची पहाट वर्षाला एकच असते. ती अशीच उघड्यावर राहिली तर तासाभरात दुपारच्या उन्हात विरून जाईल आणि उद्या सकाळी साडेपाच वाजता आपण अंधारात उभे राहू, आणि त्यानंतर एकदम ऊन पडेल. तेव्हा तिला वेस्ट्रीत, म्हणजे पाळकसाहेब झगा घालतात त्या खोलीत, उद्यापर्यंत ठेवावे असे ठरले. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वेदीवर घातलेली काळी कापडे आम्ही खिडक्यांना लावली. ती उठली आणि आत गेली. पाळकसाहेबांनी खुर्ची पुढे केली होती. ती जमिनीवरच बसली.

पाटोळेबाईंनी हातातल्या घड्याळाकडे पाहून हिशेब सांगितला. पहाट अडतीस मिनिटांची असते. दार उघडले की थोडी बाहेर सांडते. म्हणून त्यांनी खडूने दारावर लिहिले: ‘आत जाऊ नये. आत पहाट आहे.’

त्यानंतर तालीम सुरू झाली. दिवस कामाचा होता. कबरेच्या धोंडेला दुसरा रंग द्यायचा होता, देवदूताच्या पंखांना कापूस लावायचा होता, महिला मंडळ मागच्या शेडमध्ये उद्याच्या न्याहारीचा रवा भाजत होते. परंतु दाराच्या फटीतून पहाट थोडी थोडी पाझरत राहिली, आणि त्याचे परिणाम दिसू लागले. रवा भाजणाऱ्या स्त्रिया आपसात इतक्या हळू आवाजात बोलू लागल्या की जणू घरातले कोणी अजून झोपलेले आहे. साडेबारा वाजता कंपाउंडमधले सगळे कोंबडे एकदम आरवले.

कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्राचे काम करणारे दाऊद कसोटे हेही आमचे पंच. त्यांनी दाढी वर करून तक्रार केली. “बाई, कोंबडा आरवला. मी अजून एकदासुद्धा नाकारलेलं नाही.”

“तुम्ही नाकारायला उशीर केलात,” पाटोळेबाई म्हणाल्या. “कोंबड्यांनी का थांबावं?”

पाळकसाहेब उपदेशाची वही आणायला म्हणून वेस्ट्रीत गेले ते वीस मिनिटांनी रिकाम्या हाताने बाहेर आले. त्यांचे केस ओले होते. ते मला म्हणाले, “अण्णा, मी माझ्या आईला चूल पेटवताना पाहत होतो. मी आत कशाला गेलो होतो?” मी सांगितले, वही. ते म्हणाले, राहू द्या.

अडीच वाजता तबिथाबाई उजागरे आल्या. त्यांच्या हातात झाकणाचे पितळी तपेले होते.

तबिथाबाई म्हणजे लूकास मास्तरांच्या पत्नी. आणि लूकास मास्तरांविषयी येथे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सर्व त्यांच्यावाचून कळणार नाही. त्रेचाळीस वर्षे आमच्या ईस्टरचा प्रसंग मास्तरांच्या भूपाळीने सुरू होत आला. शब्द त्यांचे, चाल त्यांची, पेटीही त्यांची. ती भूपाळी त्यांनी तालमीत कधीही म्हटली नाही. ते म्हणत, पहाटेसाठी बांधलेले गाणे दुपारी म्हटले तर उरते ती नुसती चाल. आणि दरवर्षी असे होई की भूपाळी शेवटच्या कडव्याशी आली, की मिरवणुकीतले ढोलवाले अधीर होऊन ढोल सुरू करीत. शेवटचे कडवे त्यात बुडून जाई. मंडळीत ते कोणी ऐकलेले नाही. मास्तर म्हणत, मीसुद्धा नाही.

यंदा मास्तर आजारी होते. मिशनच्या दवाखान्याने त्यांना गुरुवारी घरी नेण्यास सांगितले होते, आणि याचा अर्थ सर्वांना माहीत होता. कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या ओळीत ‘भूपाळी, लूकास मास्तर उजागरे, ९ मिनिटे’ असे छापले होते. तेथे दुसरे काय करावे, हे ठरवण्याचे धैर्य कोणाला झाले नव्हते.

“सलाम साहेब,” तबिथाबाई पाळकसाहेबांना म्हणाल्या. “कोंबड्यांचा आवाज घरापर्यंत आला. मग कळलं, ही आजच आलीय. तपेलंभर द्याल का?”

“मास्तर कसे आहेत?”

“सकाळपासून एकच विचारतात, उजाडलं का. मी म्हणते, ऊन पडलंय. ते म्हणतात, ऊन नको विचारत मी.”

भांबळ म्हणाले की अशा गोष्टी तोंडी होत नाहीत, अर्ज लागतो. तबिथाबाईंनी तालमीच्या सूचनेच्या पाठीवर अर्ज लिहिला: ‘विनंती की, पती लूकास यांच्यासाठी पहाट, एक तपेले, मिळावी.’ पंच कमिटीची बैठक तेथेच, कबरेशेजारी, भरली. पाळकसाहेब अध्यक्ष. भांबळ, पाटोळेबाई, दाऊद आणि मी. दाऊदने दाढी काढली नाही, कारण ती पुन्हा चिकटली नसती.

“तपेलं हे माप धरता येत नाही,” भांबळ म्हणाले. “किती वेळ, ते लिहा.”

“भूपाळीपुरती,” तबिथाबाई म्हणाल्या.

“म्हणजे नऊ मिनिटं,” पाटोळेबाई म्हणाल्या.

दाऊद म्हणाले, “उद्या नऊ मिनिटं कमी, ठीक आहे. पण कुठली? मधली दिली तर धोंड लोटायच्या वेळेला काळोख. बायका कबरेऐवजी माझ्यावर येऊन आदळतील.”

“शेवटची दिली तर?” पाटोळेबाईंनी विचारले.

“शेवटची दिली तर सूर्य एकदम अंगावर. देवदूताला पंख सावरायला वेळ नाही.”

पाळकसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. ते कठोर माणूस नाहीत. परंतु ते विचार करून बोलतात आणि बोललेल्याला धरून राहतात. ते म्हणाले, “माझी अडचण वेगळी आहे. शनिवार हा कबरेचा दिवस. आज प्रभूच्या मंडळीनं थांबायचं असतं, दुसरं काही करायचं नसतं. पुनरुत्थानाची पहाट आज वाटली, तर आपण थांबलो असं कसं म्हणायचं?”

“साहेब, तुमचा शनिवार उद्या संपंल,” तबिथाबाई म्हणाल्या. “आमच्या घरात त्याला पुढं काही नाही. डॉक्टर म्हणले, आजची रात्र काढणार नाहीत.”

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. “मी हे पाळक म्हणून बोललो, तबिथाबाई.”

“पाळक म्हणूनच बोलायला पाहिजे. मी बायको म्हणून आले.”

वेस्ट्रीच्या दाराखालून एक गार झुळूक आली आणि आमच्या पायांवरून गेली. पाटोळेबाई कार्यक्रमपत्रिका वाचत होत्या. त्या म्हणाल्या, “पहिली नऊ मिनिटं भूपाळीची आहेत. समोर लूकास मास्तरांचं नाव आहे. आपण ते खोडलेलं नाही.”

भांबळांनी पत्रिका हातात घेऊन खात्री केली. “खोडलेलं नाही. मग ती मिनिटं त्यांचीच. मग हा विनंतीअर्ज होतच नाही. स्वतःच्या वस्तूची विनंती कशी करणार? बाई, ‘विनंती’ काढा आणि ‘मागणी’ लिहा.”

तबिथाबाईंनी तसे केले. ठराव मी मांडला. अनुमोदन पाळकसाहेबांनी दिले. अध्यक्षाने अनुमोदन द्यायचे नसते. भांबळ त्या क्षणी पेनचे टोपण शोधत होते.

पहाटेची पहिली मिनिटे सर्वांत गडद असतात आणि म्हणून तळाशी बसतात. मी तपेले वेस्ट्रीच्या फरशीला टेकवून आडवे धरले. पाटोळेबाई घड्याळ पाहून मोजत होत्या. नवव्या मिनिटाला त्यांनी हात वर केला आणि मी झाकण लावले. तपेल्याला फारसे वजन नव्हते, पण बाहेरून ते दवाने डबडबले आणि तळहात बधिर झाले.

मास्तरांचे घर मिशनच्या शाळेमागे आहे. रस्ता दहा मिनिटांचा. तीन वाजले होते आणि ऊन पांढरे होते. आम्ही पिठाच्या गिरणीसमोरून गेलो तेव्हा गिरणीवाल्याने पट्टा थांबवला आणि जांभई देत आळस दिला. एका घरातून एक बाई पाण्याची बादली घेऊन बाहेर आली, तिने दारात सडा घातला, मग वर सूर्याकडे पाहिले आणि बादली हातात घेऊन तशीच उभी राहिली. आमच्या मागोमाग सात-आठ चिमण्या येत होत्या.

“भाऊ, हिंदकळू देऊ नका,” तबिथाबाई म्हणाल्या. “एक मिनिट सांडलं तर कुठलं कडवं गाळायचं?”

मास्तर लोखंडी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. हात पांघरुणावर होते. बोटे वाळलेल्या शेंगांसारखी. पायथ्याशी पेटी, तिच्यावर विणलेला रुमाल. तबिथाबाईंनी खिडकी लावली, दार लावले, दाराच्या फटीत चादर कोंबली. मग झाकण काढले.

आधी काही झाले नाही. नंतर खोलीतला दुपारचा अंधार पातळ होऊ लागला. भिंती थोड्या दूर सरकल्यासारख्या वाटल्या. खाटेचा पाय दिसला, मग रुमालाची वीण, मग मास्तरांच्या कानाची पाळी. कोठेतरी, खूप लांब, कोणी विहिरीतून पोहरा वर ओढत असल्याचा आवाज येत होता. आमच्या गावात आता पोहऱ्याची विहीर नाही.

मास्तरांनी मान वळवली. “कोण आहे?”

“मी. अण्णा.”

“टाळ आणलास?”

“आणलाय.”

“पेटीचा भाता कोण मारणार?”

“मी मारतो.”

“तू नको. तुझा भाता पळतो. तबिथा मारेल.” ते कोपरावर उठले आणि मी त्यांच्या पाठीशी उशी दिली. “प्रसंग सुरू झाला का?”

“नाही. आज फक्त भूपाळी.”

“आणि ढोल?”

“ढोल नाहीत, मास्तर.”

“ढोल नाहीत,” ते स्वतःशी म्हणाले, आणि थोडा वेळ तेवढ्याचाच आनंद घेत राहिले. तबिथाबाईंनी पेटी पुढे सरकवून भाता धरला, आणि त्यांनी बोटे पट्ट्यांवर ठेवली.

काळोखाच्या कोशी । निजलासे जीव ।
त्यास देई हाक । राजा माझा ॥

आवाज क्षीण होता, पण सुरात होता. मी टाळ अगदी हलका धरला. जिवाच्या कोशातून निघून भूपाळी अंगणात आली, अंगणातून बागेत, बागेतून त्या लोटलेल्या धोंडेपाशी. मी पुष्कळ भजने ऐकली आहेत, आणि ओव्या-अभंगांच्या संगतीत माझे आयुष्य गेले आहे. तरी देवाला इतक्या जवळून हाक मारलेली मी क्वचित ऐकली. शेवटचे कडवे आले. ढोल वाजले नाहीत. मास्तरांनी ते सावकाश, एकेक शब्द ठेवत, पुरे म्हटले. ते कडवे मी येथे देत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

माझ्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे नऊ मिनिटे झाली. आम्ही तिघेही दहाव्या मिनिटाची वाट पाहत बसलो. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली. खोलीतला उजेड होता तेवढाच राहिला: माणूस ओळखू यावा इतका, पण अक्षर वाचता येऊ नये इतका. मग माझ्या लक्षात आले. नवव्या मिनिटानंतर दहावे यावे लागते, आणि दहावे वेस्ट्रीत होते.

“शेवटचं कडवं उतरलं नाही,” मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा चिंताग्रस्त नव्हता. काम हाती असलेल्या माणसाचा होता. “पहिल्यांदाच ऐकलं ना. दुसऱ्या चरणात अडखळतंय. पुन्हा घेऊ.”

मी दाराबाहेर आलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि ऊन तसेच होते. चर्चमध्ये माझ्यावाचून भाले अडले होते.

रविवारी पहाटे साडेपाचला मंडळी आवारात जमली. पाच वाजून चाळीस मिनिटांनी सुरू करायचे. पण पहिली नऊ मिनिटे जवळ नव्हती, म्हणून वेस्ट्रीचे दार पाच वाजून एकोणपन्नास मिनिटांनी उघडायचे होते. तोवर सर्वांनी काळोखात शांत उभे राहावे, अशी सूचना भांबळांनी केली. लोक उभे राहिले. आणि तेव्हा शाळेच्या बाजूने, फार लांबून, पेटीचा आवाज आला. पाठोपाठ भूपाळी आली. ढोलवाल्याने सवयीने टिपरू उचलले. पाटोळेबाईंनी त्याच्या मनगटावर नुसता हात ठेवला. दोनशे माणसांनी शेवटचे कडवे पुरे ऐकले. माझ्या मागे दाऊद कसोटे दाढीत रडत होते आणि डिंक सुटत होता.

मग दार उघडले आणि पहाट दहाव्या मिनिटापासून सुरू झाली. धोंड लोटली गेली, स्त्रिया आल्या, कबर रिकामी होती. कोणाला काही कमी पडल्याचे जाणवले नाही.

उपासना झाल्यावर पाळकसाहेब, दवाखान्याचे डॉक्टर आणि मी मास्तरांच्या घरी गेलो. बाहेर चांगले ऊन आले होते. तबिथाबाई आम्हाला एकेक करून, दार थोडेच किलकिले ठेवून, आत घेत होत्या. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि बाहेर येऊन सांगितले, “रात्र काढणार नाहीत असं मी म्हटलं होतं. या घरात रात्र झालेलीच नाही. माझं मत कायम आहे.”

पाळकसाहेब दाराला तोंड लावून म्हणाले, “मास्तर, सलाम. ईस्टर झाला. दहावं मिनिट इथं बाहेर आलेलं आहे. दार उघडलं की ते आत येईल, आणि मग पुढचंही येईल. उघडायचं का?”

आत भाता थांबला. मास्तर म्हणाले, “उघडायचंच आहे, साहेब. मला त्याची भीती नाही. पण हे कडवं त्याच्यासमोर म्हणायचंय. आधी बसू द्या.”

पाळकसाहेब दारावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “आपण थांबू. थांबणं आम्हाला येतं.”

आता आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे आठवडे, जवळ आला आहे. भांबळांनी मास्तरांचे नाव मंडळीच्या यादीत आहे तेथेच ठेवले असून पुढे शेरा लिहिलेला नाही. तबिथाबाई दुपारी भाजी आणायला बाहेर पडतात, ऊन फार आहे म्हणतात आणि डोक्यावर पदर घेतात. घरात शिरताना त्या तो खाली सोडतात, कारण आत गार असते. दाराशी चिमण्या असतात.

आज सकाळी मी तेथे गेलो होतो. तबिथाबाई ओसरीवर चहा गाळत होत्या.

“कितपत आलं?” मी विचारले.

“मघाशी एकदा बसलं होतं, भाऊ. अगदी जसं पाहिजे तसं.”

“मग?”

“मग म्हणले, दार उघड. मी उठले. कडीला हात लावला.” त्यांनी गाळणी झटकली. “तेवढ्यात म्हणले, थांब, अजून एकदा घेऊन बघू.”

त्यांनी दोन पेले एका हातात घेतले, दुसऱ्या हाताने दार थोडे लोटले आणि आतल्या पहाटेत गेल्या.